शिवणबाईंची जंगलपिशवी

एका पंधरा ऑगस्टला, झेंडा वर जायला पाच मिनिटं असताना, आमच्या मुख्याध्यापकांच्या कोटाचं मधलं बटण तुटून पडलं. पोटामुळे कोट उघडा राहीना नि मिटेना. ते तडक शिवणबाईंकडे गेले. बाईंच्या खांद्याला ती जाड कॅनव्हासची पिशवी नेहमीसारखी लटकलेली होतीच.

"बाई, एक सेफ्टी पिन द्या लवकर."

"नाई जी."

"नाही कशी? तुमच्या पिशवीत बारा पिना आहेत हे अख्ख्या लाखनीला माहीत आहे!"

"बारा हायेत म्हनूनच नाई. तुमाले एक देली का अकरा होतात. त्या जंगलाच्या पिना हायेत, कोटाच्या नाईत."

मुख्याध्यापक लालेलाल झाले. बाईंनी मात्र पदराला टोचलेली सुई काढली, दोरा ओवला आणि रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या मुलींसमोर साहेबांच्या छातीशी वाकून बटण शिवून टाकलं. दोरा दातांनी तोडला. झेंडा वेळेवर वर गेला. मी शाळेत रुजू होऊन दीड महिना झाला होता आणि या बाईंशी आपलं कसं निभणार, या विचारानं माझं राष्ट्रगीताकडे लक्षच नव्हतं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची. मी नागपूरची, तेवीस वर्षांची, लाखनीच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आले होते. त्या शाळेत शिक्षकांना नावं नसत, विषय असत. कोणी गणितसर, कोणी हिंदीबाई. मी आल्या दिवशीच भूगोलबाई झाले. आणि पन्नाशीच्या, काटक, नऊवारी नेसणाऱ्या, पायात पुरुषी बूट घालणाऱ्या या शिवणबाई. वर्षातून तीन-चार वेळा त्या मुलींना घेऊन जंगलात जात. नागझिऱ्याकडे, आंबागडच्या किल्ल्यावर, कुठल्याही डोंगराला. शाळेत दुसऱ्या कोणाला ही हौस नव्हती. सोबत दुसरी एक शिक्षिका हवी असा नियम होता, म्हणून ती जबाबदारी नवी म्हणून माझ्या गळ्यात पडली.

पहिल्या सहलीच्या आदल्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं एक पत्र्याचा डबा तयार केला. कापूस, आयोडीनची बाटली, डोकेदुखीच्या गोळ्या, दोन पट्ट्या. झाकणावर लाल रंगानं अधिकाची खूण काढली. बाईंनी डबा उघडला, एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडली आणि विचारलं, "हे कोनत्या जंगलासाठी हाये?"

"कोणत्या म्हणजे? जंगलासाठी."

"जंगलासाठी काई नसते जी. या जंगलासाठी असते, नाईतर त्या जंगलासाठी."

मग मला कळलं की प्रत्येक सहलीच्या आठ दिवस आधी त्या शाळेच्या शिपायाला घेऊन तीच वाट स्वतः चालून येत. आधी एसटीनं, मग पायी. हातात चौकटीची वही. कुठल्या झाडावर आग्या मोहोळ आहे, कुठे वाट निसरडी आहे, कुठल्या नाल्यात पाणी आहे आणि ते पिण्याजोगं आहे का, आणि प्रत्येक ठिकाणाहून बैलबंडी जाईल असा रस्ता किती लांब आहे, हे सगळं त्यात. पिशवी त्या वहीवरून भरली जाई.

"जंगल काय काय करू शकते, ते आधी त्यालेच विचारून याव लागते," त्या म्हणाल्या. "आपन घरी बसून ठरवलं, तर आपन आपल्याच भेवाची पेटी भरतो. मले मुंग्यांचं भेव वाटते म्हनून मी मुंग्यांचं औषध घेऊन जाइन, अन तिथं पाय मोडन कोनाचा तरी."

माझा डबा त्यांनी हसण्यावारी नेला नाही. कापूस तेवढा घेतला. आयोडीनची बाटली उजेडात धरून पाहिली, बूच नीट बसत नाही म्हणून परत दिली. गोळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "डोकं दुखनारी पोट्टी घरी राहाते. जंगलात येनारीचं डोकं फुटते."

ती पिशवी मी पहिल्यांदा आतून पाहिली ती एका शनिवारी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटली की बाई शिवणाच्या वर्गात सतरंजी अंथरून अख्खी पिशवी रिकामी करत. जुन्या धोतरांच्या पट्ट्या उकळून, कडक उन्हात वाळवून, गरम इस्त्री फिरवून, कागदात बांधलेल्या. तिकोनी फडकी. कात्री, चिमटा. काडेपेटी मेणानं बंद केलेल्या डबीत. मीठ-साखरेच्या पुड्या. लाल औषधाचे खडे. बांबूच्या सहा खपच्या, तासून गुळगुळीत केलेल्या आणि वर कापड शिवलेल्या, हात-पाय मोडला तर बांधायला. एक शिट्टी, एक पेन्सिल, कोरे कागद. आणि सगळ्यांत खाली घडी घातलेलं दुहेरी मांजरपाट, त्याच्या दोन्ही कडांना लांबलचक नेफे. त्या नेफ्यांतून दोन बांबू घातले की माणूस उचलायची झोळी तयार.

पण मी थक्क झाले ती खिशांनी. आत सव्वीस खिसे होते आणि प्रत्येक खिशावर बाईंनी रंगीत दोऱ्यानं चित्र भरलं होतं. मोडलेलं हाड. डोळा. मधमाशी. उलटी करणारं तोंड. रक्ताचा लाल थेंब, पाण्याचा निळा थेंब. कुठेही एक अक्षर नाही.

"अक्षरं का नाही टाकली?" मी विचारलं.

"ही पिशवी मी माह्यासाठी नाई भरत जी. मले तर डोळे मिटून सापडते सारं. मी नसली तर जो उघडन, त्याच्यासाठी भरली हाये. तो लाकूडतोड्या असन, गुराखी असन. त्याले वाचता येते का नाई, मले काय माहीत?"

एका खिशावर हिरवा साप होता. मी हात घातला. खिसा रिकामा.

"यातलं औषध संपलं वाटतं."

"त्यात काईच नसते."

"मग खिसा कशाला?"

बाईंनी चिमटा पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. "साप चावला का लोकायले हात चालवाचे असतात. कोनी कापते, कोनी चोखते, कोनी दोरी आवळते. घाबरलेला मानूस या खिशात हात घालन, तर हात रिकामा बाहेर येइन. मंग त्याच्या ध्यानात येइन, का हाताचं काम नाई हे. दवाखान्याचं हाये."

मी भूगोलाची पदवीधर. सुवर्णपदक नाही, पण पहिला वर्ग होता माझा. त्या दिवशी त्या रिकाम्या खिशापुढे मला आपण काहीच शिकलेलो नाही असं वाटलं.

बाईंच्या सवयींवर शाळेत रोज हसत. त्या मुलींकडून उचलण्याचा सराव करून घेत आणि त्यासाठी शाळेतला सगळ्यांत जड माणूस लागे म्हणून मुख्याध्यापकांना झोळीत निजवत. साहेबांनी पहिल्या वर्षी नकार दिला होता म्हणे. बाई म्हणाल्या, "तुमाले उचललं तर पोट्ट्या कोनालेही उचलतील." हे कौतुक की काय, हे साहेबांना ठरवता आलं नाही आणि ते निजले. तेव्हापासून दर वर्षी सहा मुली त्यांना मैदानाला एक फेरी मारून आणत. साहेब छातीवर हात ठेवून आकाशाकडे बघत पडून राहात.

आणि रडणारी. प्रत्येक सहलीला निघताना बाई एका मुलीला उभं करत. "आज रडायची पाळी तुही. काई झालं तर तू रड. बाकीच्यायनं रडाचं नाई, कामं कराची." मुली खिदळत. पण मी पुढे पाहिलं, की गुडघा फुटलेली मुलगीसुद्धा आधी रडणारीकडे बघायची. स्वतः रडायची तिची पाळी नसायची ना.

"आधी धुवा, मंग घाबरा," हे त्यांचं पालुपद. जखमेवर कोणी हळद, चुना, तंबाखू, कोळिष्टक काही घेऊन आलं की बाई हात आडवा घालत. "हळद भाजीत. जखमेत पानी."

पहिल्याच हिवाळ्यात साकोलीच्या पुढे धानाच्या बांधावरून आम्ही जंगलाकडे चाललो होतो. शेतात भारे बांधणं चालू होतं. एकाएकी गलका झाला. एका तरुण बाईला घोणस चावली होती, घोट्याच्या वर. तिचा दीर एका हातात दोरी घेऊन ब्लेड शोधत धावत होता. आमच्या बाईंची पिशवी बघून तो थेट त्यांच्यासमोर आला.

"बाई, ब्लेड हाये का? लवकर द्या, जहर काढतो."

"हाये. देनार नाई."

"मरून जाइन न ते!"

बाईंनी पिशवी उघडून सापाचा खिसा उलटा करून त्याला दाखवला. "पाहा. सापासाठी माह्यापाशी काईच नाई. तुह्यापाशीबी नाई. ज्याच्यापाशी हाये तो भंडाऱ्याले हाये. आता सांग, बोलत बसू का जाऊ?"

बाईंनी तिला आडवं केलं, पायातलं तोरडं काढून घेतलं, मोडलेल्या हाडाला बांधतात तशा पायाला खपच्या बांधल्या, दोरी आवळू दिली नाही आणि एक पाऊलही टाकू दिलं नाही. झोळीतून सडकेपर्यंत आणलं. मग नऊवारी बाई हायवेच्या मधोमध जाऊन लाल फडकं धरून उभी राहिली. पहिला ट्रक हॉर्न वाजवत अगदी अंगावर आला. त्या हलल्या नाहीत. ट्रक हातभर अंतरावर थांबला.

मुलींना शिपायाबरोबर परत पाठवून मीही ट्रकच्या मागच्या हौद्यात चढले. बाई त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. घरी कोण कोण, धान किती झालं. लाखनी मागे पडल्यावर ती जरा ग्लानीत गेली, तेव्हा मी बाईंना विचारलं, "तुम्हाला एवढी खात्री कशी होती?"

"खात्री नाई जी. माह्या लहान्या भावाले चावला होता. लोकायनं दोरी बांधली, कापलं, चोखलं, मंत्र म्हटले. सारे लोक चांगले होते. वाचवता वाचवता त्याचा दिवस घालवला त्यायनं."

ती पोर वाचली. संक्रांतीच्या सुमारास दीर आणि ती दोघं शाळेत आली, टोपलीभर चिन्नोर तांदूळ घेऊन. बाईंनी तांदूळ घेतला, मात्र आधी तिचा पाय पाहिला, आणि दिराला वर्गात बसवून नववीच्या मुलींसमोर सगळी हकीकत सांगायला लावली. "तू काय करनार होता, तेबी सांग," असं बजावून.

चौथ्या वर्षी, जानेवारीत, आम्ही आंबागडच्या किल्ल्यावर गेलो. नववीच्या बत्तीस मुली, शिपाई आणि आम्ही दोघी. वर जेवणं झाली. उतरताना बाई नेहमीसारख्या सगळ्यांच्या मागे होत्या. "शेवटी मीच. जो पडन तो माह्या डोळ्यासमोर पडला पायजे," असा त्यांचा नियम. मी त्यांच्या चार पावलं पुढे होते. दगड खडखडल्याचा आवाज आला आणि मी वळले तर बाई वाटेवर नव्हत्या.

त्या खाली बांबूच्या बेटात पडल्या होत्या. बेटातले बांबू कोणीतरी तिरपे तोडून नेले होते आणि त्यांचे खुंट भाल्यासारखे उभे होते. त्यातल्या एकानं त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूनं चिरला होता. मी पोहोचले तेव्हा पदर भिजून काळा झाला होता.

"उघडा," त्या म्हणाल्या.

मी पिशवी उघडली. साडेतीन वर्षं दर पहिल्या शनिवारी मी ती भरायला बसले होते. पण बेटात सावली होती आणि डोक्यात एकच वाक्य होतं, आधी धुवा, मंग घाबरा. मला थेंब दिसला. मी खिसा उघडला. आत पाण्याची बाटली आणि लाल औषध. मी जखमेवर पाणी ओतायला लागले. रक्त पाण्याबरोबर आणखी जोरात वाहायला लागलं.

"धुऊ नका..." बाईंचा आवाज लांबून आल्यासारखा होता. "दुसरा थेंब. दाबा."

मग त्यांचे डोळे मिटले.

मी दुसरा थेंब शोधला. जाड घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी सगळं वजन टाकून दाबली. ती भिजली तेव्हा ती न काढता तिच्यावर दुसरी ठेवली. हे मला कोणी सांगितलं नाही. दुसरी घडी खिशात पहिलीच्या खाली पसरून ठेवलेली होती, वर ठेवायला तयार. बाईंनी ती तशीच भरली होती. शिपाई तंबाखूची चंची सोडत जवळ आला, तेव्हा मी त्याच्यावर अशी ओरडले की तो चंची टाकून कोयता घेऊन बांबू तोडायला गेला.

मुलींना मी काहीच सांगितलं नाही. मी मान वर केली तेव्हा मांजरपाट पसरलेलं होतं, नेफ्यांतून बांबू सरकत होते आणि सहा मुली उंचीप्रमाणे उभ्या होत्या. शंभर पावलांनी सहा जणी बदलत, एक जण मोजत, एक पुढे दगड सांगत, अशा त्या गड उतरल्या. मैदानावर साहेबांना घेऊन जशा फिरत, तशाच. मी शेजारून हात दाबत चालले होते. खाली गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं काही न विचारता बंडी जुंपली.

"तनीस टाकतो जी भरपूर," तो बंडीत भाताचा पेंढा पसरत म्हणाला. "हादरा नाई लागनार बाईले."

बंडी सडकेपर्यंत, तिथून मुलींना शिपायाजवळ सोडून लाकडाच्या ट्रकनं तुमसर. दवाखान्यात डॉक्टरांनी माझे हात जखमेवरून काढले, तेव्हा माझी बोटं उघडेनात. नर्सनं एकेक करून उघडली. बाई शुद्धीवर आल्या होत्या. त्यांना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले, तर शेजारी त्या दिवशी रडायची पाळी असलेली मुलगी उभी. गड उतरताना तिनं सगळ्यांत जास्त वेळ झोळी धरली होती. ट्रकमध्ये कशी चढली, मला कळलंही नव्हतं.

"बाई," तिनं विचारलं, "आता रडू का जी?"

मी हो म्हटलं. ती रडली, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून, पाळी नसताना, मीही रडले.

हात वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची ताठ राहिली. सुई धरायचीच बोटं. हे डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी मी बाईंच्या खाटेशी बसून माझी चूक कबूल केली. आधी धुतलं, रक्त वाया घालवलं, थेंब ओळखला नाही. त्या रागावतील, किंवा समजूत घालतील, एवढंच मला वाटलं होतं.

त्या उठून बसल्या. "सावलीत दोन्ही थेंब सारखेच दिसले?"

"हो."

"म्हंजे चूक माही हाये जी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, कामाला लागलेल्या माणसाची घाई होती. "उन्हात बसून भरले मी थेंब. सावलीत कधी पाह्यलेच नाई. अन वाक्यबी अर्धंच शिकवलं. वाहात असन तर दाबा, मंग धुवा. घाबरायले तर मंग टाईम भेटतेच. पिशवी आना माही. अन दोरा."

लाल थेंब त्यांनी उसवून टाकला. तिथे डाव्या हातानं, उजव्या हाताच्या तीन बोटांनी कापड धरून, एक पंजा भरायला घेतला. पंचवीस वर्षं जिच्या टाक्यांची मुली नक्कल करत, तिचे टाके आता पहिलीतल्या पोरीसारखे वाकडे पडत होते. दोनदा सगळं उसवलं. पाचव्या दिवशी वॉर्डातल्या निरक्षर आयाला खाटेजवळ बोलावून, खिडकी लावून, अंधारात विचारलं, "हे काय हाये बाई?"

आया वाकली. "हात हाये जी. कायलेतरी दाबून राहिला."

बाईंनी दोरा तोडला.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी आंबागडाचं नाव काढू नका असं बजावलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि आठ दिवस आधी वाट बघायला जायचं म्हणून मला आणि शिपायाला घेऊन आंबागडला गेल्या. काठी टेकत, बूट घट्ट बांधून. त्या जागेशी आल्यावर मी थांबले. मला वाटलं, त्या क्षणभर उभ्या राहतील, काही बोलतील. त्यांनी वाकून, ज्याच्यावर पाय पडला होता तो दगड डाव्या हातानं हलवून पाहिला. अजून डुगडुगत होता. वर्षभर लोक त्याच्यावरून जात-येत होते.

त्यांनी शिपायाला खाली, वाटेच्या वळणावर पाठवलं. कोणी येत असेल तर थांबव, वाट मोकळी असली की शिट्टी वाजव म्हणून. मग मला एक जाड बांबू दिला, एक स्वतः घेतला. दोन्ही दगडाखाली घातले. शिपायाची शिट्टी आली तसं आम्ही दोघींनी अंगातला सगळा जोर लावला. दगड उपटला, घरंगळला आणि झाडांमधून आपटत खाली गेला. कितीतरी वेळ त्याचा आवाज येत राहिला.

आवाज पूर्ण थांबेपर्यंत बाई कान देऊन उभ्या होत्या. मग त्यांनी दगडाच्या जागी पडलेल्या खड्ड्यात बुटानं माती लोटली, तुडवून सारखी केली, तिच्यावर दोन्ही पाय रोवून उभ्या राहिल्या, आणि काखेतली चौकटीची वही काढून पेन्सिल डाव्या हातात धरली.

"चला जी," त्या म्हणाल्या. "वर अजून चार हालतात."